व्यापार, निर्वासन आणि ग्रंथ : विद्यापीठांतील स्पॅनिश अध्ययनाचा इतिहास

प्रस्तावना

एखादी परकीय भाषा विद्यापीठात कशासाठी शिकवावी, या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक वेळा रोजगाराच्या संदर्भात दिले जाते. माहितीपुस्तिकेत त्या भाषेतील साहित्याचा उल्लेख एका ओळीत येतो आणि नोकरीच्या संधींची यादी अर्धे पान व्यापते. प्रस्तुत लेखकाचा विषय इतिहास आहे, भाषा नव्हे. परंतु विद्यार्थीसंख्या आणि कार्यभार या दोन आकड्यांवर भाषाविषयांचे भवितव्य ठरताना आपल्यापैकी अनेकांप्रमाणे प्रस्तुत लेखकानेही पाहिले आहे. हा निकष नवा आहे की जुनाच आहे आणि भूतकाळाला तो लावला असता हाती काय उरले असते, हे तपासण्यासाठी स्पॅनिश भाषेच्या अध्ययनाचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

त्याचे कारण असे. ग्रीक व लॅटिन यांना युरोपीय विद्यापीठांत परंपरेने स्थान होते. फ्रेंच ही मुत्सद्देगिरीची आणि जर्मन ही एकोणिसाव्या शतकातील संशोधनाची भाषा म्हणून मान्यता पावली. इंग्रजी भाषक जगात स्पॅनिशला असे स्वयंसिद्ध स्थान मिळाले नाही. ती विद्यापीठात आली ती बहुधा बाहेरच्या कारणाने : कोणा व्यापाऱ्याच्या मृत्युपत्राने, दक्षिण अमेरिकेतील बाजारपेठेमुळे किंवा युद्धामुळे. मात्र अध्यासन निर्माण होण्याचे कारण आणि त्या अध्यासनावरून प्रत्यक्षात जे शिकविले गेले ते, या दोन गोष्टी क्वचितच सारख्या राहिल्या. हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. स्पेन आणि लॅटिन अमेरिका येथील विद्यापीठांत स्पॅनिश ही घरची भाषा असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. विवेचन मुख्यतः इंग्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांपुरते मर्यादित आहे.

भाषा गरजेपोटी संस्थेत शिरते, हे मराठी वाचकाला नवे नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी शिकविली जात असे आणि विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले ते त्याच निकडीतून. मोल्सवर्थचा कोश (१८३१) हेही कंपनी सरकारच्या आश्रयाने सिद्ध झालेले काम. तो कोश आज कोणत्या अधिकाऱ्याच्या उपयोगाचा आहे आणि कोणत्या अभ्यासकाच्या, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

बॉस्टनमधील मृत्युपत्र

ॲबिएल स्मिथ हा बॉस्टनचा एक धनिक व्यापारी १८१५ मध्ये मरण पावला. आपण जेथे शिकलो त्या हार्वर्ड कॉलेजास त्याने २०,००० डॉलर ठेवले होते. त्यातून फ्रेंच व स्पॅनिश या भाषांच्या शिक्षकाची सोय व्हावी, अशी त्याची इच्छा होती. बॉस्टनच्या जहाजांचा कॅरिबियन बेटांशी व स्पॅनिश अमेरिकेशी व्यापार होता, हे लक्षात घेता या दोन भाषांची निवड स्वाभाविक वाटते. (याच व्यापाऱ्याने बॉस्टनमधील कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणासाठीही पैसे ठेवले आणि त्याच्या नावाची शाळा पुढे १८३५ मध्ये उभी राहिली.) कॉलेजच्या चालकांनी या देणगीत साहित्याची भर घातली. व्यापाऱ्याने भाषा मागितली होती. कॉलेजने भाषा आणि साहित्य यांचे अध्यासन निर्माण केले. पुढील शंभर वर्षांतील ओढाताण या पहिल्याच दुरुस्तीत बीजरूपाने दिसते.

या अध्यासनासाठी जॉर्ज टिकनॉर या तरुणाची निवड झाली. तो १७९१ मध्ये बॉस्टन येथे जन्मला, वकिलीची सनद घेऊन तो व्यवसाय त्याने लवकरच सोडला आणि १८१५ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाला. तेथे असतानाच, १८१६ मध्ये, त्याला हार्वर्डकडून विचारणा झाली. त्या वेळी त्याचे लक्ष मुख्यतः ग्रीक व जर्मन यांकडे होते. स्पॅनिश शिकण्यासाठी त्याला स्पेन गाठणे भाग होते. १८१८ मध्ये तो माद्रिदला पोहोचला. फर्नांडो सातवा पुन्हा गादीवर बसला होता आणि धर्मन्यायपीठ, म्हणजे इन्क्विझिशन, पुनरुज्जीवित झाले होते. टिकनॉरला शिकविण्यास जो गृहस्थ मिळाला तो होसे अंतोनियो कोंदे, अरबी भाषेचा पंडित. फ्रेंच अमलाखाली नोकरी केल्यामुळे तो राजाच्या मर्जीतून उतरलेला होता. दररोज काही तास दोघे जुने स्पॅनिश काव्य वाचीत. दुर्मीळ ग्रंथ कोठे मिळतील हेही टिकनॉरला कोंदेकडूनच कळे. दोन वर्षांनी, १८२० मध्ये, कोंदे दारिद्र्यात वारला. स्पेनमधून बाहेर पडताना टिकनॉरने सेव्हिल ते लिस्बन हा प्रवास चोरट्या मालाची ने-आण करणाऱ्यांच्या तांड्याबरोबर केला. अमेरिकेतील पहिल्या मोठ्या स्पॅनिश अभ्यासकाचे शिक्षण असे एका उपेक्षित पंडिताच्या खोलीत झाले आणि तस्करांच्या सोबतीने संपले.

१० ऑगस्ट १८१९ रोजी टिकनॉरने अध्यासनाची सूत्रे हाती घेतली. प्रत्यक्ष भाषा शिकविण्याचे काम फ्रान्सिस सेल्स या शिक्षकाकडे होते. टिकनॉर इंग्रजीतून साहित्याच्या इतिहासावर व्याख्याने देत असे. १८२३ मध्ये त्याने स्पॅनिश साहित्येतिहासाच्या व्याख्यानांची रूपरेषा छापली. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. हार्वर्डमध्ये त्या काळी आधुनिक भाषा ऐच्छिक होत्या, आणि ऐच्छिक विषयाचे स्थान काय असते हे आपण जाणतोच. टिकनॉरने या दुय्यम स्थानाचाच उपयोग करून घेतला. ग्योटिंगेनमध्ये पाहिलेल्या पद्धतीच्या आधारे त्याने कॉलेजच्या संपूर्ण व्यवस्थेतच बदल सुचविले : विषयवार विभाग असावेत, विद्यार्थ्यांची विभागणी प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे न करता त्यांच्या प्रगतीप्रमाणे करावी, पाठ म्हणून घेण्याऐवजी खरोखर शिकवावे. इतर विषयांच्या अध्यापकांना हे रुचले नाही. अखेर या सुधारणा टिकल्या त्या केवळ आधुनिक भाषांच्या विभागात. १८३५ मध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच्यानंतर कवी लाँगफेलो आणि त्याच्यानंतर जेम्स रसेल लोवेल त्याच अध्यासनावर आले. लोवेल पुढे १८७७ मध्ये अमेरिकेचा राजप्रतिनिधी म्हणून माद्रिदला गेला.

अध्यासन सोडल्यावर टिकनॉरने आपले मुख्य काम केले. त्याचा स्पॅनिश साहित्याचा इतिहास १८४९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ पास्कुआल दे गायांगोस व एन्रिके दे वेदिया यांनी १८५१ ते १८५६ या काळात स्पॅनिशमध्ये अनुवादित केला, त्यात भर घातली आणि स्पेनमधील वाचक आपल्याच साहित्याचा इतिहास एका बॉस्टनकराकडून वाचू लागले. आपल्या साहित्याचा सलग इतिहास प्रथम परकीयाने लिहावा, हा अनुभव एकट्या स्पेनचा नव्हे.

परंतु या ग्रंथाची दुसरी बाजूही आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. राजनिष्ठा आणि धर्मश्रद्धा ही स्पॅनिश स्वभावाची दोन लक्षणे टिकनॉरने मानली, आणि याच दोन गुणांचा अतिरेक होऊन, अनियंत्रित राजसत्ता व इन्क्विझिशन यांच्या दडपणाखाली ते साहित्य सुकले, अशी त्याच्या विवेचनाची दिशा आहे. हीच दृष्टी त्याचा मित्र विल्यम प्रेस्कॉट याच्या लेखनात आली. विद्यार्थिदशेत भोजनगृहातील दंग्यात पावाचा कठीण तुकडा लागून प्रेस्कॉटचा एक डोळा गेला होता व दुसराही अधू झाला होता. १८२४ मध्ये टिकनॉरने त्याला आपली स्पॅनिश साहित्यावरील व्याख्याने वाचून दाखविली. प्रेस्कॉट स्पॅनिशकडे वळला तो तेथून. फर्डिनंड व इसाबेला यांच्या राजवटीचा इतिहास, नंतर मेक्सिको (१८४३) आणि पेरू (१८४७) यांच्या पाडावाचा इतिहास, असे त्याचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. उदयोन्मुख, स्वतंत्र, प्रोटेस्टंट अमेरिका आणि तिच्यासमोर उलटा आरसा म्हणून ऱ्हास पावलेला स्पेन, या मांडणीला रिचर्ड केगन या इतिहासकाराने १९९६ मध्ये 'प्रेस्कॉटचे प्रतिमान' असे नाव दिले. १८९८ मध्ये अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध होऊन क्यूबा, पोर्तो रिको व फिलिपाईन्स स्पेनच्या हातून गेले, तेव्हा सुशिक्षित अमेरिकनाच्या मनात हे चित्र आधीपासून तयार होते. ते केवळ वृत्तपत्रांनी तयार केले नव्हते. त्याचा काही भाग एका सहृदय प्राध्यापकाच्या व्याख्यानांतूनही आलेला होता.

टिकनॉर स्वतः पुन्हा कधी स्पेनला गेला नाही. १८७१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा स्पॅनिश व पोर्तुगीज ग्रंथसंग्रह हार्वर्डला नव्हे, तर ज्याच्या स्थापनेत त्याचा हात होता त्या बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयास मिळाला.

सॉमर्स टाउनमधील प्राध्यापक

लंडनमधील कथा याहून वेगळी आहे. तेथे अध्यासनावर जो बसला तो आपणहून आलेला नव्हता.

अंतोनियो अल्काला गालियानो याचा जन्म १७८९ मध्ये कादिझ येथे झाला. त्याचे वडील आरमारातील अधिकारी होते आणि १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईत इंग्रजांशी लढताना ते मारले गेले. मुलगा उदारमतवादी राजकारणात शिरला. १८२० ते १८२३ या तीन वर्षांत स्पेनमध्ये संविधानाचे राज्य होते. ते मोडून काढण्यासाठी फ्रेंच फौजा शिरल्या, तेव्हा जून १८२३ मध्ये सेव्हिल येथे भरलेल्या संसदेत, राजा तात्पुरता राज्य करण्यास असमर्थ असल्याचे जाहीर करावे, असा ठराव गालियानोने मांडला. राजा पुन्हा निरंकुश झाल्यावर या ठरावाची शिक्षा देहांत हीच होती. गालियानो जिब्राल्टरमार्गे लंडनला आला. ज्या राष्ट्राच्या तोफांनी वडिलांचा जीव घेतला त्याच राष्ट्राने मुलाला आसरा दिला.

लंडनच्या सॉमर्स टाउन या वस्तीत त्या काळी शेकडो स्पॅनिश कुटुंबे राहत होती. वकील, सैनिक, धर्मगुरू, कवी असे सर्व प्रकारचे लोक त्यांत होते, आणि पोट भरण्यासाठी अनेक जण भाषेच्या शिकवण्या करीत. नेमक्या याच वेळी इंग्लंडला स्पॅनिशची गरज भासू लागली होती. १८२४ मधील आयाकुचोच्या लढाईनंतर दक्षिण अमेरिकेतील स्पेनची सत्ता संपुष्टात आली. नव्या प्रजासत्ताकांना ब्रिटिशांनी मान्यता दिली, कर्जे दिली आणि १८२५ च्या अखेरीस त्या कर्जांच्या सट्ट्यात हातही पोळून घेतले. रुडॉल्फ ॲकरमन हा लंडनचा प्रकाशक अमेरिकेतील वाचकांसाठी स्पॅनिश पुस्तके छापीत होता आणि ती लिहिण्याचे व भाषांतरित करण्याचे काम याच निर्वासितांकडे जाई. व्हेनेझुएलाचा आंद्रेस बेयो हाही १८१० पासून १८२९ पर्यंत लंडनमध्येच होता. पुढे चिली विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झालेला आणि १८४७ मध्ये अमेरिकन लोकांसाठी स्पॅनिश व्याकरण लिहिणारा हा विद्वान लंडनमध्ये अनेक वर्षे ओढगस्तीत काढीत होता.

१८२८ मध्ये गॉवर स्ट्रीटवर लंडन विद्यापीठ (आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज) उघडले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे अँग्लिकन पंथाची अट असल्याने ज्यांना दारे बंद होती त्यांच्यासाठी ते होते, आणि आधुनिक भाषांना त्याने आरंभापासून जागा दिली. स्पॅनिशचा प्राध्यापक म्हणून गालियानोची नेमणूक झाली. १५ नोव्हेंबर १८२८ रोजी त्याने इंग्रजीतून दिलेले प्रास्ताविक व्याख्यान छापून प्रसिद्ध करण्यात आले. परंतु विद्यार्थी फार थोडे आले. नव्या विद्यापीठात अध्यापकाची प्राप्ती विद्यार्थ्यांच्या शुल्काशी जोडलेली असे. ज्याच्या वर्गात विद्यार्थी नाहीत त्याची अवस्था काय होत असेल ते सांगण्याची गरज नाही. व्यापाऱ्यांना कारकुनांपुरती भाषा हवी होती आणि ती शिकवणीत स्वस्तात मिळत होती. १८३० मध्ये फ्रान्समध्ये क्रांती होताच गालियानो लंडन सोडून तिकडे गेला. किंग्ज कॉलेजात १८३१ मध्ये पाब्लो दे मेंदीबिल हा दुसरा निर्वासित स्पॅनिशचा प्राध्यापक झाला, पण पुढच्याच वर्षी तो वारला.

विद्यार्थीसंख्येच्या हिशेबाने पाहिले तर लंडनचा हा प्रयोग फसला, असेच म्हणावे लागेल. आता दुसरा हिशेब पाहू. कादिझमधील तरुण गालियानो अभिजाततेच्या फ्रेंच नियमांचा कट्टर पुरस्कर्ता होता. इंग्लंडमधील वास्तव्यात त्याने शेक्सपिअर, स्कॉट, बायरन यांचे जग जवळून पाहिले आणि परकीय श्रोत्यांसमोर आपल्या साहित्याची मांडणी करताना त्याला ते नव्याने वाचावे लागले. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा मित्र व सहनिर्वासित रिव्हासचा ड्यूक याचे 'एल मोरो एस्पोसितो' हे काव्य प्रसिद्ध झाले. त्याची निनावी प्रस्तावना गालियानोची होती. ही प्रस्तावना स्पॅनिश स्वच्छंदतावादाचा जाहीरनामा म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी लंडनच्या 'अथेनिअम' या नियतकालिकात त्याने समकालीन स्पॅनिश साहित्यावर लेखमाला लिहिली. ओस पडलेल्या वर्गाचे फळ असे चार वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या आरंभी, आणि तेही नावाशिवाय दिसते. कोणत्याही वार्षिक अहवालात त्याची नोंद होणे शक्य नव्हते.

येथे गालियानोची कथा थांबवावी असा मोह होतो, परंतु ते प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. १८३४ मध्ये माफी मिळून तो मायदेशी परतला आणि हळूहळू उजवीकडे सरकत गेला. पंचाहत्तरीला आलेला हा गृहस्थ नार्वाएझच्या मंत्रिमंडळात शिक्षणाचे खाते सांभाळीत होता. फेब्रुवारी १८६५ मध्ये माद्रिद विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक एमिलियो कास्तेलार यांनी राणी इसाबेल दुसरी हिच्या तथाकथित औदार्यावर टीका करणारा लेख वृत्तपत्रात लिहिला. कास्तेलार यांना पदावरून दूर करावे असा आदेश विद्यापीठाच्या कुलगुरूंना देण्यात आला. कुलगुरूंनी तो मानला नाही, तेव्हा त्यांनाच हटविण्यात आले. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि १० एप्रिलच्या रात्री सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. दहापेक्षा अधिक माणसे मेली. ज्या मंत्र्याच्या खात्यातून तो आदेश निघाला तो मंत्री अल्काला गालियानो हाच होता. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला झटका आला आणि तो मरण पावला. मतासाठी देश सोडावा लागलेला आणि परक्या विद्यापीठाने ज्याला अध्यासन दिले तो माणूस, एका प्राध्यापकाची जागा त्याच्या मतासाठी काढून घेण्याच्या कामात शेवटी सामील झाला. निर्वासनाने माणसाची दृष्टी रुंदावते असे आपण सहज म्हणतो. गालियानोच्या बाबतीत ती साहित्यात रुंदावली. राजकारणात तसे झाल्याचे दिसत नाही.

बंदर, युद्ध आणि वर्गातील गर्दी

यानंतरची सत्तर-ऐंशी वर्षे इंग्लंडमध्ये स्पॅनिशच्या दृष्टीने सामसूम होती. पुन्हा हालचाल दिसते ती लिव्हरपूलमध्ये. दक्षिण अमेरिकेशी मोठा व्यापार असलेल्या या बंदराच्या विद्यापीठात कॅप्टन जॉर्ज गिल्मर यांच्या देणगीतून १९०८ मध्ये स्पॅनिशचे अध्यासन निघाले. पुन्हा तेच घडले. बंदराने भाषा मागितली आणि अध्यासनावर आले ते जेम्स फिट्झमॉरिस-केली, ज्यांचे सारे काम सर्व्हांतेस व स्पॅनिश साहित्येतिहास यांवरचे होते. १९१६ मध्ये, सर्व्हांतेसच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, किंग्ज कॉलेजात निर्माण झालेल्या सर्व्हांतेस अध्यासनावर ते गेले. १९२२ मध्ये लिव्हरपूलच्या अध्यासनावर आलेल्या ॲलिसन पीअर्स यांनी तर सोळाव्या शतकातील संत तेरेसा व संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या अनुवादासाठी आयुष्य वेचले. १९२३ मध्ये त्यांनी सुरू केलेले स्पॅनिश अध्ययनाचे नियतकालिक आजही चालू आहे. याच पीअर्स यांनी १९४३ मध्ये 'ब्रूस ट्रस्कॉट' या टोपणनावाने नव्या नागरी विद्यापीठांच्या अवस्थेवर एक पुस्तक लिहिले आणि अशा विद्यापीठांना 'रेडब्रिक' हे नाव रूढ करून दिले. लेखकाचे खरे नाव जाहीर झाले ते १९५२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्या संस्थेविषयी स्पष्ट लिहिण्यासाठी एका ज्येष्ठ प्राध्यापकालाही टोपणनाव घ्यावे लागले, ही गोष्ट सहज वाचून सोडण्यासारखी नाही.

ऑक्सफर्डचे अध्यासन त्याहून उशिरा, १९२७ मध्ये, राजा अल्फोन्सो तेरावा याच्या नावाने निघाले. त्यावरील पहिले प्राध्यापक साल्व्हादोर दे मादारियागा. १९३१ मध्ये राजाने देश सोडला, स्पेन प्रजासत्ताक झाले आणि राजाच्या नावाचे अध्यासन सोडून मादारियागा त्या प्रजासत्ताकाचे राजदूत झाले.

अमेरिकेत मात्र या काळात गर्दी झाली. पहिल्या महायुद्धाने जर्मन भाषेचे पानिपत केले. १९१५ मध्ये सार्वजनिक माध्यमिक शाळांतील सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. रिकामी झालेली जागा मोठ्या प्रमाणावर स्पॅनिशने घेतली. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता आणि युरोपचा व्यापार युद्धामुळे बंद पडल्याने दक्षिण अमेरिकेतील बाजारपेठ खुणावत होती. १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व तिचे 'हिस्पानिया' हे मुखपत्र निघाले. ज्याची शंभर वर्षे वाट पाहिली ते विद्यार्थी आले होते, परंतु ते व्यापारी पत्रव्यवहार शिकण्यासाठी आले होते. स्पॅनिश सोपी आहे, उपयुक्त आहे आणि तिच्यात सर्व्हांतेसखेरीज वाचण्यासारखे फारसे नाही, अशी समजूत सर्वत्र होती. त्यामुळे त्या संघटनेच्या मंडळींना दोन आघाड्यांवर बोलावे लागे : शाळाचालकांपुढे भाषेची उपयुक्तता आणि विद्यापीठांपुढे साहित्याची थोरवी. गर्दीमुळे विषयाची प्रतिष्ठा वाढतेच असे नाही, हे येथे स्पष्ट दिसते. टिकनॉरच्या तुरळक श्रोत्यांसमोर ज्या साहित्याला कोणी हलके लेखले नव्हते, ते साहित्य भरलेल्या वर्गांत स्वतःचे समर्थन करू लागले.

या पेचातून वाट काढणाऱ्यांत फेदेरिको दे ओनीस यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सालामांका विद्यापीठातील हे प्राध्यापक १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि जवळजवळ चार दशके तेथे राहिले. स्पेन आणि लॅटिन अमेरिका यांचे साहित्य एकत्र शिकविले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९३४ मधील त्यांचा काव्यसंग्रह दोन्ही किनाऱ्यांवरील कवींना एकत्र आणतो. (याच संग्रहात त्यांनी 'पोस्टमॉडर्निस्मो' हा शब्द एका काव्यप्रवृत्तीसाठी वापरला. आज आपल्या चर्चासत्रांत ज्या शब्दाशिवाय पान हलत नाही, त्याचा हा एक जुना जन्मदाखला.) १९२९-३० मध्ये कवी लोर्का कोलंबियात राहिला, तेव्हा त्याच्याभोवती ओनीस यांनी जमविलेले स्पॅनिश मंडळ होते.

दुसरे निर्वासन

१९३६ ते १९३९ या काळातील यादवी युद्धाने सॉमर्स टाउनचीच कथा मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडविली. या वेळी फरक इतकाच होता की विद्यापीठांत जागा आधीपासून तयार होत्या. १९१७ नंतरच्या त्या 'व्यापारी' गर्दीनेच त्या निर्माण केल्या होत्या. कवी पेद्रो सालिनास १९३६ मध्ये वेलेस्ली कॉलेजात आले. होर्हे गियेन मागाहून तेथेच आले. ध्वनिशास्त्रज्ञ तोमास नाव्हारो तोमास यांनी जानेवारी १९३९ मध्ये आजारी कवी अंतोनियो माचादोसह फ्रान्सची सरहद्द ओलांडली. माचादो महिन्याभरात कोलियुर या गावी वारला आणि नाव्हारो कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. लुईस सेर्नुदा ग्लासगो, केंब्रिज आणि नंतर माउंट होलिओक येथे शिकवीत राहिला.

इतिहासाच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाचे नाव आमेरिको कास्त्रो यांचे. माद्रिदमध्ये मेनेंदेझ पिदाल यांच्या ऐतिहासिक अध्ययन केंद्रात ते भाषाशास्त्र व साहित्य यांचे अभ्यासक म्हणून घडले होते. १९४० मध्ये ते प्रिन्स्टनला आले आणि १९४८ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे त्यांचा 'एस्पान्या एन सु इस्तोरिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी या तीन समाजांच्या शतकानुशतकांच्या सहवासातून, देवघेवीतून आणि संघर्षातून 'स्पॅनिश' म्हणून जे काही आहे ते घडले. त्या आधीचा कोणताही सनातन स्पॅनिश स्वभाव नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. ब्वेनोस आयरेसमध्येच राहणारे दुसरे निर्वासित इतिहासकार क्लाउदियो सांचेझ-आल्बोर्नोझ यांनी १९५६ मध्ये दोन खंडांत याला उत्तर दिले. स्पॅनिश स्वभावाची मुळे त्यांनी रोमनपूर्व काळापर्यंत मागे नेली आणि अरबी प्रभाव वरवरचा ठरविला. हे सांचेझ-आल्बोर्नोझ पुढे निर्वासित प्रजासत्ताक सरकारचे पंतप्रधान झाले. म्हणजे हा वाद फ्रँकोचे समर्थक आणि विरोधक यांच्यातला नव्हता. एकाच पराभूत बाजूच्या दोन विद्वानांनी परक्या भूमीवर आपल्या देशाच्या मध्ययुगावर घातलेला तो वाद होता. आपल्याकडील मध्ययुगीन इतिहासाच्या वाचकाला त्याचे स्वरूप ओळखीचे वाटेल.

कास्त्रो यांच्या पुराव्यांत ढिलाई आहे, साहित्यकृतींवरून समाजाविषयी ते फार झटपट निष्कर्ष काढतात, हे आक्षेप प्रस्तुत लेखकास मान्य आहेत. तरीही महत्त्वाची गोष्ट अशी की, टिकनॉरने मांडलेल्या 'राष्ट्रीय स्वभावा'च्या मुळावर घाव घालणारा हा ग्रंथ अमेरिकेतील एका स्पॅनिश विभागात सिद्ध झाला. फ्रँकोच्या स्पेनमध्ये, जेथे कॅथलिक ऐक्य हाच राष्ट्राचा पाया मानला जात होता, तो लिहून छापता आला नसता. ज्या विभागांची उभारणी पत्रव्यवहाराच्या स्पॅनिशसाठी झाली त्यांनी एका देशाच्या स्वतःविषयीच्या समजुतीला आव्हान देणारे काम पोसले.

त्यानंतरचा इतिहास विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने अमेरिकेत आणि क्यूबातील क्रांतीनंतर, १९६५ च्या पॅरी समितीच्या अहवालाने ब्रिटनमध्ये लॅटिन अमेरिकेच्या अध्ययनास पैसा मिळाला. हेतू शीतयुद्धाचा होता. वाचले गेले ते बोर्हेस आणि गार्सिया मार्केझ. भारतात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून स्पॅनिशचे उच्च शिक्षण दिले आहे. दिल्लीत स्पेन सरकारच्या सर्व्हांतेस संस्थेचे केंद्र २००९ मध्ये सुरू झाले.

१९७० मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांत स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकले. तेथील आधुनिक भाषा संघटनेच्या पाहणीनुसार २००९ मध्ये ८ लाख ६० हजारांच्या आसपास असलेली स्पॅनिशची नोंदणी २०१६ मध्ये सुमारे ७ लाख १२ हजार आणि २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ८४ हजार झाली. घट झाली तरी ही संख्या अन्य कोणत्याही परकीय भाषेपेक्षा कितीतरी अधिक आहे. तथापि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये आपला जागतिक भाषांचा विभाग बरखास्त करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही संख्या स्पॅनिशच्या कामी आली नाही. विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर मोजके शिक्षक ठेवून स्पॅनिश व चिनी भाषांचे वर्ग चालू ठेवण्यात आले. पदवी मात्र बंद झाली. स्पॅनिश तेथे आता ऐच्छिक विषय आहे, जशी ती १८१९ मध्ये हार्वर्डला होती. टिकनॉरने घेतलेली साहित्याची व्याख्याने तेवढी त्या व्यवस्थेत बसत नाहीत.